थंडीत भरलेला दाणा

ईशा, नील —

आता जे सांगणार आहे ते तुमच्या बाबालाही ठाऊक नाही. तुमच्या आजोबांना सांगायचं होतं, ते राहून गेलं. राहून गेलं म्हणजे — मी राहू दिलं. इतकी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवली की ती तिथलीच होऊन जाते, तिचं ओझंही वाटेनासं होतं. मग एक दिवस आपण तांदूळ धुवायला घेतो आणि हात पाण्यातच थांबतो.

मराठीतच लिहितेय. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू दे. इंग्रजीत लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं — मला. मी इंग्रजीतून शिकले, सगळी नोकरी इंग्रजी शाळेत बायॉलॉजी शिकवण्यात गेली. इंग्रजीत मला कुठलीही गोष्ट घडी घालून, कोपरे जुळवून मांडता येते. ही तशी मांडायची नाहीये.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा राईची आजी आपल्या मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या घरी यायची. तुमच्या आईची आई, राई गावची हिराबाई. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कधी वालाच्या शेंगा. सगळ्यांना वाढायची, पण स्वतः पानावर बसायची नाही. ‘आज मंगळवार हाय माझा,’ म्हणायची. ईशा, तू एकदा भिंतीवरचं कॅलेंडर बघून ओरडलीस, ‘आजी, आज तर फ्रायडे आहे!’ आणि सगळे हसले. ती म्हणाली, ‘तुमच्या कॅनडात असल शुक्रवार. राईला मंगळवारच हाय.’ आणखी हसले सगळे. मीही हसले. ती आपल्या घरात का जेवत नव्हती, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. एक ती. दुसरी कोण, ते कळलंच असेल तुम्हाला.

सुरुवात थंडीपासून करायला हवी.

दोन हजार आठचा फेब्रुवारी. तुम्ही बर्फात राहता, तुम्हाला आमच्या थंडीचं हसू येईल. पण त्या वर्षी मीरा रोडला जी थंडी पडली तशी मी आधी कधी अनुभवली नव्हती. आमच्याकडे स्वेटर म्हणजे माथेरानला जाताना ट्रंकेतून काढायची वस्तू. त्या वर्षी भाजीवाला मफलर गुंडाळून बसायचा, वॉचमन सकाळी टायर जाळायचे म्हणून सोसायटीत भांडणं व्हायची, खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागायची. ईशा, तू तेव्हा पाच महिन्यांची होतीस आणि आईबरोबर आजोळी होतीस. मला तुझी काळजी वाटली — काळजी म्हणू की आणखी काही, ते पुढे सांगते — आणि मी भाईंदरहून उत्तनची बस धरून राईला गेले.

तू हिराबाईंच्या मांडीवर होतीस. मी घेतलं तर रडायला लागलीस. परत दिलं तर गप्प.

हे आधी सांगून ठेवते. पुढे ते निमित्त म्हणून वापरायचं नाही असं मी ठरवलंय.

मला चहा देऊन त्या म्हणाल्या, ‘चला विहीणबाय, तुमाला भात दावतंय.’ मला वाटलं, जेवायला वाढताहेत. पण त्या मला घरामागे घेऊन गेल्या. विहिरीच्या खाली लहानसं खाचर होतं, आपल्या दोन खोल्यांएवढं असेल. त्यात हिरवागार भात उभा. फेब्रुवारीत भात! मी आयुष्यभर भाताला पावसाचं पीक म्हणून शिकवत आले. हे वायंगण, त्या म्हणाल्या. विहिरीच्या पाण्यावर हिवाळ्यात घ्यायचं भात. पूर्वी चार-पाच घरं घ्यायची, आता त्या एकट्याच. एरवी बी टिकवण्यापुरतंच लावायच्या; त्या वर्षी खाचरभर लावलं होतं ते फक्त एका कारणासाठी. बी त्यांच्या सासूचं. सासूला तिच्या सासूनं दिलेलं. त्या घरात कुठल्याही बाळाचं उष्टावण — बाळाला पहिल्यांदा भात चाटवतात तो दिवस — याच बियाण्याच्या नव्या तांदळाने व्हायचं. मऊ लोण्यासारखा भात होतो, त्या म्हणाल्या. बोटानं कुस्करायलाही लागत नाही. तुझी आई त्यावर वाढली, तुझा मामा वाढला. आता तू.

मी उन्हात उभी राहून बघत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर भात फुलला.

हे कसं सांगू? बायॉलॉजी शिकवणारी बाई, फळ्यावर भाताच्या फुलाची आकृती शेकडो वेळा काढलेली, आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं. थंडीमुळे उशीर झाला होता, ऊन चांगलं वर आलं तेव्हा लोंबीवरची तुसं उघडायला लागली. हिरवी, बारीक, दोन पाकळ्यांच्या पेटीसारखी. आतून धाग्यासारखे पुंकेसर बाहेर आले, वाऱ्यावर लोंबले. एवढंच. रंग नाही, वास नाही म्हणावा इतका. आणि आम्ही बोलत उभ्या असतानाच ती पेटी मिटली. एकदा मिटली की पुन्हा उघडत नाही. दाणा भरतो तो आत, अंधारात, बंद दाराआड. आपल्या ताटातला प्रत्येक — प्रत्येक! — दाणा असा एकदाच उघडून मिटलेला असतो. मी इतकी वर्षं भात जेवले. मला कुणी सांगितलं होतं का? मीच तर शिकवत होते.

खालच्या लोंब्या आधी फुलून गेल्या होत्या, त्यांच्यात दूध भरायला लागलं होतं. हिराबाईंनी एक दाणा नखाने दाबला, पांढरा थेंब आला. म्हणाल्या, ‘पोरगी पन दुधावर, भात पन दुधावर. दोगांना जपाला लागतं.’ संध्याकाळी त्या विहिरीचं पाणी खाचरात सोडायच्या, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार. सकाळी काढून टाकायच्या. बांधावर ओला पेंढा धुमसत ठेवायच्या, धुराची गोधडी पसरावी तशी. ‘आवंदा थंडी लय परली, बाय,’ एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. हे लक्षात ठेवा. मी तिथे होते, मी पाहिलं.

घरी आले ती झपाटल्यासारखी. तेव्हा आपल्या बिल्डिंगखाली सायबर कॅफे होता. पुढे तुम्ही कॅनडाला गेल्यावर तुमचे फोटो मी तिथेच बघायचे. दुसऱ्याच दिवशी गेले आणि भात आणि थंडी असे शब्द टाकून वाचत बसले. शेजारच्या खुर्चीतली मुलं गेम खेळत होती, धडाधड गोळ्या सुटत होत्या, आणि मी एकामागून एक पानं उघडत होते.

सोपं करून सांगते. तांदळातला स्टार्च दोन प्रकारचा असतो. एक लांब सरळ साखळ्यांचा, दुसरा झाडासारखा फांद्याफांद्यांचा. सरळ साखळ्या जास्त असल्या की भात मोकळा होतो, निवला की टणक. फांद्यांचा जास्त असला की मऊ, चिकट. कुठला किती बनवायचा ते मुळात जातीवर ठरतं — पण सगळं नाही. फूल मिटल्यावर पहिले काही दिवस, दाण्यात दूध भरत असताना, हवा थंड असेल तर पुष्कळ जातींत सरळ साखळ्या जास्त तयार होतात. म्हणजे तेच बी, तीच माती, तेच पाणी, पण त्या दिवसांत गारठा पडला तर तो भात शिजल्यावर वेगळा लागतो. कडक लागतो. आणि पुढच्या वर्षी थंडी नसेल तर त्याच बियाण्याचा भात पुन्हा मऊ.

बंद पेटीतल्या त्या थेंबाला बाहेरची थंडी कळते? त्याला ना कातडी, ना मज्जातंतू, ना मेंदू. तरी कळते. नुसती कळत नाही, तो ती अंगात बांधून घेतो. आणि मग महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, गॅसवर, उकळत्या पाण्यात — तिथेही तो ती सोडत नाही. खाणाऱ्याच्या दाताखाली फेब्रुवारी येतो. देवळात जे वाटायला हवं ते मला त्या कॅफेत, गोळ्यांच्या आवाजात वाटलं. आजही वाटतं. त्या थक्कपणात खोट नव्हती, एवढं मी माझ्याबद्दल म्हणू शकते.

बाकीचं म्हणू शकत नाही.

उष्टावण एप्रिलमध्ये आपल्या घरी झालं. सकाळी हिराबाई आल्या, तुझा मामा आला. तांदळाची पिशवी त्यांनी देवासमोर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, मग माझ्या हातात दिली. पंचवीस-तीस माणसं होती. गिरगावहून माझ्या नणंदबाई आल्या होत्या, शालूवन्सं. त्यांच्या जिभेला सगळं घर वचकून असायचं, मीही. भात मी लावला. झाकण काढलं आणि मला पाहताक्षणी कळलं.

दाणा न् दाणा वेगळा उभा होता.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, पण तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होती. नवा तांदूळ चिकट होतो. नव्या तांदळाचा भात गिचका होतो म्हणून पाणी कमी घालतात, हे लग्नाआधी शिकवतात आम्हाला. मोकळा होतो तो जुना तांदूळ. त्यामुळे भात असा फडफडीत झाला, याचा त्या स्वयंपाकघरात एकच अर्थ होता.

वन्संनी दोन शितं बोटांत दाबली. ‘हा नवा? अगो, हा तर रेशनचा वाटतोय! बिर्याणी करा त्याची.’ कुणीतरी खुदकन हसलं. ‘नातीच्या उष्टावणाला जुना तांदूळ नवा म्हणून आणायचा म्हणजे — कमालच झाली हो.’

हिराबाई पुढे आल्या, त्यांनीही शीत दाबून पाहिलं. चेहरा उतरला त्यांचा. त्यांना स्वतःलाच कळेना. ‘माझाच हाय ओ तो,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या हातानं कापलाय. असा कसा झाला, मना न्हाय कलत.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘विहीणबाय, तुमी आल्तात ना तवा? उभा भात बगितलाव ना तुमी? सांगा ना यांना.’

आणि वन्संही म्हणाल्या, ‘हो हो, वहिनी, तूच सांग. तू सायन्सची बाई. नवा भात असा होतो का?’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दोन वाक्यं लागली असती. थंडीत दाणा भरला की असं होतं, मी स्वतः वाचलंय; आणि हा भात उभा असताना मी डोळ्यांनी पाहिलाय. एवढंच. वन्संसुद्धा ऐकून गप्प बसल्या असत्या, माझं शिक्षण हीच एक गोष्ट होती जिच्यापुढे त्या गप्प बसायच्या. मग मी काय म्हणाले?

म्हणाले, ‘उभं पीक पाहिलं मी. पण पिशवीत काय आहे, ते मी कसं सांगू?’

बघा किती चोख वाक्य आहे. त्यात एक शब्द खोटा नाही. शाळेत अशी वाक्यं करायची सवय झाली होती मला.

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अनोळखी घराची बेल वाजवल्यासारखं — आपण चुकीच्या दारात आलो का, असं. मग त्यांनी पदर नीट केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी खालच्या दुकानातून दुसरा तांदूळ मागवला, कुकरला मऊ शिजवला, तूप घातलं. तो तुझ्या मामाने तुला चाटवला. फोटोत तू हसते आहेस, मामा हसत नाहीये. त्या दिवशी तुझी आजी न जेवता गेली. त्यानंतर आपल्या घरात ती कधीच जेवली नाही.

का केलंस असं, विचाराल. वन्संना घाबरले? थोडी. पण खरं ते नव्हे. खरं हे, की सगळ्यांच्या नजरा हिराबाईंवर खिळल्या, तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस, आणि रडत नव्हतीस. आणि मला बरं वाटलं. एवढंच होतं ते. मला बरं वाटलं.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. मलाही इथेच थांबावंसं वाटतंय. एवढंच असतं तर कदाचित मी कधीच तुमच्या आजोबांना सांगून टाकलं असतं. चारचौघांत माणूस घाबरतं, तोंडून काहीतरी निघून जातं — आपण स्वतःला समजावू शकतो. पण पुढे जे झालं तेव्हा चारचौघं नव्हते.

दिवाळीत हिराबाई जावयाचा फराळ घेऊन आल्या. घरात मी एकटी. चहा नको म्हणाल्या. जायला निघाल्या, चपला घातल्या, आणि दारातच थांबल्या. वायंगणाची पेरणी तोंडावर आली होती.

‘बाय, एक इचारू? तुमी शिकलेल्या हाव.’ मग म्हणाल्या, ‘बी असं एकदम बिघरतं काय हो? इतक्या वर्षांचा बी?’

त्यांनी मला आणखी एकदा विचारलं! उष्टावणाच्या दिवशी मी जे केलं ते पोटात घालून, मान सोडून, त्या त्यांच्या बियाण्यासाठी विचारत होत्या. आधी त्यांनी गिरणीवाल्यावर संशय घेतला होता — गिरणी त्यांच्या चुलत दिराची — तिथेही बोलाचाली झाली होती, हे मला तुझ्या आईकडून कळलं होतं. आता त्या बियाण्यावर आल्या होत्या. दारात फक्त आम्ही दोघी. मला सांगता आलं असतं, बी चांगलं आहे हो, पेरा, या वर्षी मऊ होईल. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कधीपासून माहीत? आणि त्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं.

मी म्हणाले, ‘बिघडत असेल. फार जुनं झालं की बिघडतं.’

हे वाक्य मात्र चोख नव्हतं. हे सरळ खोटं होतं, आणि ते मी बायॉलॉजीच्या बाईच्या आवाजात बोलले.

त्यांनी मान हलवली. ‘तरीच,’ म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

त्या वर्षी त्यांनी वायंगण लावलं नाही. पुढच्या पावसाच्या आधी तुझी आई फोन ठेवता ठेवता सहज बोलून गेली, ‘आईने ती बियाण्याची कणगी रिकामी केली. कोंबड्यांना टाकलं सगळं.’ गावात दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं. मी नंतर चौकशी केली — आडून, माझ्या पद्धतीने. राईत विचारलं, तारोडीपर्यंत विचारलं. कुणाकडेही नाही. त्याला नाव होतं की नाही तेसुद्धा मला माहीत नाही. त्या त्याला नुसतं ‘आमचा भात’ म्हणायच्या.

सासूकडून सुनेकडे येत राहिलेला दाणा. दरवर्षी कुणीतरी बाई त्यातला मूठभर बाजूला ठेवत होती, उपासमारीच्या वर्षीसुद्धा ठेवला असेल. मिठागरांच्या गावात, खाऱ्या वाऱ्यात, विहिरीच्या गोड्या पाण्यावर तो टिकला. एका फेब्रुवारीची थंडी त्याने अंगावर घेतली, आत बांधली, आणि जशी होती तशी ताटात आणून ठेवली. त्याने काही लपवलं नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा मऊ झाला असता.

नील, तुझ्या उष्टावणाला बाजारचाच तांदूळ होता. तेव्हा त्याबद्दल कुणी काही बोललंच नाही. राईला आता भात पिकत नाही, खाडीचं पाणी शिरलं, असं मी तुम्हाला सांगायचे. तेही खोटं. विहिरीखालच्या त्या तुकड्यावर आता बिल्डिंग आहे, पण ती फार नंतर आली.

राईची आजी गेली तेव्हा तुम्ही व्हिडिओवर होतात, मी तिथे होते. पिंडासाठी भात कुणी लावायचा, यावर बायकांचं कुजबुजणं चाललं होतं, मग कुणीतरी माझ्या हातात पातेलं दिलं. मी भात लावला. मऊ झाला, वळताना पिंड फुटला नाही. सगळ्यांनी चांगला म्हटलं. मी हात धुतले.

ती शेवटपर्यंत हेच समजत गेली, की त्या घराचं बी तिच्या हातात आलं आणि तिच्या हातात बिघडलं. तिच्या मुलांनाही तिने तसंच सांगितलं होतं. तुमची आई आजही तसंच म्हणते. ते बिघडलं नव्हतं. त्या वर्षी थंडी पडली होती, आणि ते मला माहीत होतं.